मटकीएवढा ठिपका

सोलापुरातल्या एका मेडिकल कॉलेजच्या फाटकासमोर, चहाचा गाडा आणि पंक्चरवाला यांच्या मधोमध, दहा बाय आठचं एक दुकान आहे. पाटीवर ‘श्री राजशेखर झेरॉक्स’ असं लिहिलंय. राजशेखर हे मालकिणीच्या सासऱ्यांचं नाव. त्यांनी हयातीत एकही झेरॉक्स काढली नव्हती आणि सुनेनं दुकान काढायला तर त्यांचा साफ विरोध होता. तरी पाटीवर तेच जाऊन बसलेत. मालकिणीचं नाव चंद्रिका. पण नुसतं चंद्रिका म्हणणारा माणूस त्या फाटकाच्या आसपास शोधूनही सापडायचा नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांपासून ऑफिसातल्या शिपायापर्यंत ती सगळ्यांची चंद्रिकाक्का, आणि घाईत असणाऱ्यांची अक्का.

वय एक्कावन्न. कपाळावर विभूतीचे तीन बारीक पट्टे, त्याखाली मरून टिकली, आणि दोरीला बांधलेला चष्मा, जो डोळ्यांवर कमी आणि छातीवर जास्त असतो. माहेर अक्कलकोटकडचं, सासर शुक्रवार पेठेतलं. त्यामुळे ती देवाशी आणि मशिनशी कन्नडमध्ये बोलते, गिऱ्हाइकाशी मराठीत, आणि कागद अडकला की दोन्ही भाषांना सारखाच न्याय देते.

अक्का बारावी सायन्स शिकलेली आहे. नर्सिंगचा फॉर्मही भरला होता, पण फॉर्म पोचायच्या आत स्थळ पोचलं. त्याचं रडगाणं तिनं कधी गायलं नाही. मात्र बावीस वर्षांपूर्वी झेरॉक्सचं दुकान काढायचं ठरलं, तेव्हा तिचे यजमान अमृत, म्हणजे एसटीतले कंडक्टर, म्हणाले की स्टँडजवळ काढू, तिथं गर्दी असते. अक्कानं ऐकून घेतलं आणि जाऊन मेडिकल कॉलेजसमोरचा गाळा ठरवून आली. कारण विचारलं तर म्हणाली की तिकडं सावली चांगली पडते. तिथं आजही दुपारी बारा ते चार रखरखीत ऊन असतं.

आता या अक्काची खरी मिरास म्हणजे ‘संच’. पहिल्या वर्षाच्या शरीररचनेच्या नोट्स, तीनशे बारा पानं, निळी स्पायरल. त्या मूळच्या बार्शीच्या अभिमन्यूच्या. बारातेरा वर्षांपूर्वी तो इथं शिकला. अक्षर असं की छापखान्यानं लाजावं, आणि आकृत्या तर हातानं काढल्यात हे सांगावं लागायचं. कॉलेज सोडताना मूळ वही तो अक्काच्या हवाली करून गेला. तेव्हापासून दरवर्षी दीडशे नवी पोरं येतात, आठवड्याभरात त्यांना कळतं की जाडजूड पुस्तकं वाचणं हा गाढवपणा आहे आणि अक्काकडं संच मिळतो. मग रांग लागते. कुणी गावाकडून आलेलं बावरलेलं पोर असलं तर अक्का त्याला स्टुलावर बसवून पाणी द्यायची आणि म्हणायची, ‘घाबरू नको. संच घेतलास न्हवं? झालास तू डॉक्टर.’ हे ती थट्टेनं म्हणायची खरी, पण मनातून तिला ते पटलेलं होतं. महाराष्ट्रभर पसरलेल्या दीडदोन हजार डॉक्टरांत आपला वाटा आहे, असं ती मानायची. आणि का मानू नये? देवळाच्या पायरीला हात लावून जाणारा भक्त देवळाचाच म्हणवतो की.

आता ठिपक्याची गोष्ट. खंडेनवमीला अक्का मशिनची साग्रसंगीत पूजा करते. विभूती, कुंकू, झेंडूची माळ, नारळ. एका वर्षी कुंकू जरा जास्त पातळ झालं आणि त्याचा थेंब झाकणाखाली काचेवर पडून वाळला. दुसऱ्या दिवशी तिनं तो ब्लेडनं खरवडला. कुंकू निघालं, सोबत काचेचा टवकाही निघाला. तेव्हापासून निघणाऱ्या प्रत्येक पानावर, डाव्या कडेपासून चार बोटं आत, मटकीच्या दाण्याएवढा काळा ठिपका उमटायला लागला. मेकॅनिक म्हणाला, या जुन्या मॉडेलची काच आता मिळत नाही. अक्का म्हणाली, ठिपकाच आहे, चावत नाही.

ओळींच्या मध्ये तो ठिपका पूर्णविरामासारखा खपून जायचा. मांडीच्या आकृतीवर तीळ वाटायचा. पोटाच्या आकृत्यांत मात्र एक पान होतं प्लीहेचं. प्लीहा म्हणजे डाव्या बरगड्यांखालचा मुठीएवढा अवयव. तिच्यात ज्या खाचेतून रक्तवाहिन्या शिरतात, बरोबर त्या खाचेशेजारी हा ठिपका जाऊन बसला.

त्या वर्षीच्या पोरांत माळशिरसकडची एक मुलगी होती, अपेक्षा नावाची. उसाच्या शिवारातून थेट वसतिगृहात आलेली, दोन वेण्या, आणि शंका विचारायची खोड. ती एका दुपारी ते पान घेऊन आली आणि म्हणाली, ‘अक्का, ह्यो ठिपका कशाचाय? त्याला नाव न्हाय दिलेलं.’

दुकानात आठजण उभे होते. मशिन खराब आहे असं चारचौघांत कोण कबूल करणार? अक्कानं चष्मा डोळ्यांवर चढवला, पान लांब धरलं, जवळ धरलं, आणि विद्वान माणसाच्या थाटात म्हणाली, ‘असंल काहीतरी आतलं. समदं मीच सांगू व्हय? पुस्तकात बघ की.’

अपेक्षा गेली. अक्काला वाटलं, सुटले.

पुढं पोटाची परीक्षा झाली आणि प्लीहेची आकृती नेमकी त्याच पेपरात आली. शरीररचनेच्या ऋतुजा मॅडम पेपर तपासायला बसल्या. या मॅडम तरुण, हसऱ्या, पण पेपर तपासताना चष्मा पुसून पुसून तपासणाऱ्या. पाचव्या पेपरात प्लीहेजवळ एक ठिपका दिसला. सातव्यात दिसला. पंचविसाव्या पेपरापर्यंत त्यांच्या लक्षात आलं की ही साथ आहे. दीडशेतल्या एकशे अकरा पोरांनी प्लीहेच्या खाचेशेजारी तो ठिपका मोठ्या निष्ठेनं काढला होता. काहींनी तर तो पेन्सिलीनं गोल गोल घोटून काळाभोर केला होता.

मॅडमनी वर्गात विचारलं की हे काय आहे. कुणाला सांगता येईना. शेवटी मागच्या बाकावरचा एकजण उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, नोट्समध्ये आहे.’

एकशे अकरांपैकी एकाच पेपरात त्या ठिपक्याला बाण काढून नाव दिलं होतं. ॲक्सेसरी स्प्लीन, म्हणजे जादा प्लीहा. पेपर अपेक्षाचा. मॅडम चाटच पडल्या, कारण अशी वस्तू खरंच असते. दहातल्या एखाद्या माणसाला मुख्य प्लीहेजवळ अशी एक चिमुकली प्लीहा जन्मतःच असते आणि बहुतेक वेळा ती बरोबर त्या खाचेशेजारीच सापडते. पहिल्या वर्षाच्या पोरांना ती कुणी शिकवत बसत नाही. मॅडमनी अपेक्षाला बोलावून विचारलं, तुला हे कुठं मिळालं? तिनं तीन दिवस लायब्ररीत बसून चार पुस्तकं धुंडाळली होती. का धुंडाळलीस, तर म्हणाली, अक्का म्हणाल्या पुस्तकात बघ.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः दुकानात हजर. विद्यार्थ्याला उत्तर न देता पुस्तकाकडं धाडणारी ही बाई कोण, ते त्यांना बघायचं होतं. त्यांनी सगळी हकीकत सांगितली, अक्काचं तोंड भरून कौतुक केलं, आणि अक्का मात्र हातातल्या कागदाच्या गठ्ठ्यासारखी पांढरी पडली. कौतुक गिळून गप्प बसणं सोपं होतं. मॅडमना काचेचं काय कळणार होतं? पण दुकानात समोरच राजशेखर सासऱ्यांचा फोटो होता, आणि त्यांनी आयुष्यात दुसरं काही केलं नसलं तरी खोटं कधी खपवून घेतलं नव्हतं. अक्का ‘अय्यो शिवा’ असं पुटपुटली आणि तिनं मशिनचं झाकण उचललं.

‘मॅडम, ते आतलं न्हाय, ते हितलं हाय,’ ती म्हणाली आणि टवक्यावर बोट ठेवलं.

मॅडमनी काच बघितली, पान बघितलं, परत काच बघितली, आणि त्या ज्या हसायला लागल्या त्या कागदाच्या रिमांवर कोसळल्याच. डोळ्यांतनं पाणी आलं. चहावाला धावत आला, काय झालं म्हणून. अक्काही हसली, पण तिचं हसू ओठांवरच राहिलं. एकशे अकरा पोरांनी एका टवक्याला शरीराचा भाग समजून पाठ केलं होतं. म्हणजे बारा वर्षं आपण डॉक्टर घडवत होतो की पोपट, हा प्रश्न तिच्यासमोर उभा राहिला.

मॅडमचं हसू ओसरल्यावर त्यांनी मनातली गोष्ट सांगितली. नव्या अभ्यासक्रमात स्वयंअध्ययनाचे तास ठेवलेत. शिक्षकानं शिकवायचं नाही, पोरांनीच प्रश्न काढायचे, उत्तरं शोधायची, एकमेकांना सांगायची. कल्पना झकास, पण सोलापूरच्या उन्हात दुपारच्या त्या तासाला पोरं दोन गोष्टी करतात. निम्मी झोपतात आणि निम्मी संचातनं उत्तर उतरवून मग झोपतात. मॅडम हात जोडून म्हणाल्या, ‘अक्का, पुढच्या बॅचला संच देऊ नका. एवढं माझ्यासाठी करा.’

अक्का ‘बघू’ म्हणाली. खरं सांगायचं तर तिला रडू येत होतं. पोट संचावर चालत नव्हतं. आधार कार्डं, फॉर्म, प्रोजेक्टं यांवर दुकान उत्तम चालत होतं. पण संच गेला तर आपण कोण? आधार कार्डाची झेरॉक्स काढणाऱ्या बाईला कोण अक्का म्हणतं? तिला ताई म्हणतात, मावशी म्हणतात, सुट्टे द्या म्हणतात. त्या फाटकाशी तिचं नातं होतं ते तीनशे बारा पानांचं, आणि तेच मॅडम मागत होत्या.

घरी आल्यावर तिनं अमृतना सगळं सांगितलं. अमृत आता निवृत्त झालेत आणि बाजरीची भाकरी शेंगाचटणीत बुडवताना जगातल्या कुठल्याही प्रश्नावर मत देतात. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, ‘बार्शी स्टँडवर माणूस गाडीच्या पाटीखाली उभा राहून विचारायचा, ही गाडी कुटं जाती? मी सांगायचो. पुढल्या आठवड्यात त्योच माणूस, त्योच प्रश्न. मग मी सांगायचं सोडलं. पाटी बघा म्हणायचो. लई शिव्या खाल्ल्या. पण त्यातले बरेचजण पुढं दुसऱ्याला पाटी वाचून दाखवायला लागले.’

‘मग मी काय करू? पाटी पुसू?’ अक्का चिडून म्हणाली.

अमृत म्हणाले, ते तुझं तू बघ, मला भाकरी वाढ.

सकाळी आरशासमोर टिकली लावताना अक्काला सुचलं. टिकलीचं पाकीट तिच्या हातात होतं. तिनं ते पाकीट दुकानात नेलं, अभिमन्यूची मूळ वही काढली, हाताची आकृती उघडली आणि एकेका नसेच्या नावावर एकेक मरून टिकली चिकटवत गेली. झेरॉक्स काढली. आकृती जशीच्या तशी, बाण जिथल्या तिथं, आणि नावाच्या जागी काळे गोल ठिपके. तिनं ते पान उजेडात धरलं आणि बराच वेळ बघत राहिली.

तरी परक्याची वही ती. म्हणून तिनं बार्शीला अभिमन्यूला फोन लावला. तो आता तिथला नावाजलेला सर्जन आहे. तुझ्या वहीवर टिकल्या लावू का, असा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नसावा. सगळं कळल्यावर तो मनसोक्त हसला आणि मग जरा ओशाळून त्यानं कबूल केलं की त्यातल्या निम्म्या नोट्स त्यानंही वरच्या वर्गातल्या कुणाच्या तरी वहीतनं उतरवल्या होत्या. फक्त अक्षर त्याचं. अक्का म्हणाली, ‘बरं झालं आत्ता सांगितलंस. मी तुझा फोटो लावणार होते.’

नवी बॅच आली. अक्कानं निळ्या स्पायरलचे संच बंद केले आणि टिकल्यांची पानं मांडली. पोरांनी ती हातात घेतली, वर-खाली केली, आणि परत ठेवली. जुन्या संचाचे फोटो मोबाइलवर फिरतच होते. एका पोरानं तर तोंडावर सांगितलं, अक्का, नावं नसलेली पानं कोण घेईल? दोन आठवडे दुकानासमोर एक पोर फिरकलं नाही. अक्का आधार कार्डं काढत बसली. मशिनशीसुद्धा ती बोलेना, आणि चहावाल्यानं विचारलं की वहिनी, तब्येत बरी आहे ना?

मग एका दुपारी ऋतुजा मॅडमनी स्वयंअध्ययनाच्या तासाला टिकल्यांची पानं वाटली. दहा-दहाचे गट केले. लायब्ररी उघडी आहे, हाडांची पेटी समोर आहे, मोबाइलही वापरा, असं सांगितलं. पोरांनी जुन्या संचावरनं पाच मिनिटांत नावं भरून टाकली. तेव्हा मॅडम म्हणाल्या, ‘या पानावर सतरा ठिपके आहेत. त्यातला एक खोटा आहे. तो शरीरात नाहीच. कुठला ते सांगा, आणि खोटा कशावरून तेही सांगा.’

खोटा ठिपका म्हणजे अर्थातच काचेचा टवका, आणि ओळखू येऊ नये म्हणून अक्कानं त्यालाही बाण काढून ठेवला होता. पण हे पोरांना कुठं ठाऊक! संचात नाव सापडलं नाही तिथं अंदाजानं ठोकून त्यांनी सतराच्या सतरा ठिपक्यांना नावं दिलेली होती. एका गटानं तर टवक्याला दोन पर्यायी नावं दिली होती. आता कुठल्या नावावर विश्वास ठेवायचा तेच कळेना. जो तो आपल्या ठिपक्यासाठी भांडायला लागला, आणि भांडण मिटवायला पुस्तक उघडण्यावाचून इलाज उरला नाही. त्या दिवशी तास संपल्याची घंटा कुणी ऐकली नाही. लायब्ररीचा शिपाई तक्रार करत आला की पोरं पुस्तकांसाठी ओढाताण करतायत, असं मी नोकरीत कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता दुकानासमोर चाळीस पोरं. अक्का, पायाचं पान हाय का? अक्का, छातीचं? अक्का कागद वेगवेगळ्या कोनात ठेवायला शिकली, म्हणजे टवका दर पानावर नव्या जागी पडायचा. ‘खोटा कुठला?’ हा खेळ वसतिगृहात, मेसमध्ये, चहाच्या गाड्यावर सुरू झाला. चहावालासुद्धा मनगटाच्या आठ हाडांपैकी पाच सांगायला लागला.

अक्कानं आपला एक नियम केला. मूळ वही तिच्याच टेबलावर असायची. अमुक ठिपका तमुकच आहे ना, असं विचारत कुणी आलं तर ती वही उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारायची. ‘कुटं लिहिलंय?’ पुस्तकाचं नाव सांग, पान सांग, मग वही बघ. उत्तर बरोबर का चूक हे तिला कळायचंच असं नाही. पण पोर अडखळलं की ते तिला अचूक कळायचं, आणि मग रडो, हसो, लाडीगोडी लावो, वही उघडायची नाही. बघता बघता पोरं वही बघायची विसरायला लागली. पान सांगता आलं की त्यांना स्वतःलाच खात्री असायची.

या बॅचमध्ये अजिंक्य नावाचा एक पोरगा होता, सोलापूरचाच, बोलण्यात तरबेज. खोटे ठिपके ओळखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. प्लीहेचं पान आलं तेव्हा तर त्याला पुस्तकही लागलं नाही, कारण वरच्या वर्गातनं ती एकशे अकरा ठिपक्यांची कथा त्याच्या कानावर आली होती. या पानापुरता टवकाही अक्कानं मुद्दाम जुन्याच जागी ठेवला होता. खाचेशेजारचा ठिपका, फुली, खोटा. सगळ्या वर्गानं त्याचं बघून फुली मारली. अपेक्षा आता दुसऱ्या वर्षात होती. तिनं हे ऐकलं आणि गालातल्या गालात हसली.

आठच दिवसांनी शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये चार नंबरच्या टेबलावर अजिंक्यचा गट प्लीहा मोकळी करत होता. खाचेशेजारची चरबी बाजूला केली, आणि तिथं एक गोटी निघाली. मटकीपेक्षा मोठी, वाटाण्याएवढी, जांभळट, गुळगुळीत. अजिंक्यनं चिमटा खाली ठेवला. कुणीतरी हळूच म्हणालं, ‘अरे, खोटा ठिपका.’

मॅडमना बोलावलं. त्यांनी वाकून बघितलं, आणि त्यांचा चेहरा इतका फुलला की पोरांना वाटलं आता सांगतीलच. पण त्या म्हणाल्या, मी सांगणार नाही, तिथं नेहमी असते ती लसिकाग्रंथी ही नाही, हे तुम्ही सिद्ध करा. गट आठवडाभर झपाटल्यासारखा कामाला लागला. त्यांनी त्या गोटीकडं जाणारी केसाएवढी रक्तवाहिनी प्लीहेच्या मोठ्या वाहिनीपर्यंत शोधून काढली. मग मॅडमच्या परवानगीनं तिची एक पातळ चकती काढून घेतली आणि तिची काचपट्टी करून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. आत तंतोतंत प्लीहेसारखी बांधणी. अपेक्षाला जाऊन विचारलं, तिनं उत्तर दिलं नाही, चार पुस्तकांची नावं दिली. शनिवारी अजिंक्यनं वर्गापुढं उभं राहून सगळं मांडलं आणि शेवटी म्हणाला, मी न बघता फुली मारली होती. मॅडम म्हणतात, वर्षभरात त्यांनी ऐकलेलं ते सगळ्यात चांगलं वाक्य होतं.

वर्षातनं एकदा शरीररचना विभागाचं संग्रहालय सर्वांसाठी खुलं होतं. शाळेची मुलं येतात, देहदान केलेल्या घरची माणसं येतात. यंदा मॅडम दुकानात आल्या आणि अक्काला आमंत्रण देऊन गेल्या. बावीस वर्षं ती फाटकाच्या या बाजूला होती. आत कधी गेली नव्हती. कामच काय? त्या दिवशी तिनं कामाच्या वारी दुकान बंद ठेवलं, ठेवणीतलं इरकल नेसली, आणि रस्ता ओलांडून गेली. सोबत येऊ का, असं अमृतनी विचारलं होतं. नको म्हणाली. हे तिला एकटीनंच करायचं होतं.

दारात चपला काढायला लागली तेव्हा अपेक्षानं अडवलं, अक्का, राहू द्या. अक्कानं ऐकलं नाही. आत जाऊन तिनं आधी देह देणाऱ्यांच्या नावांच्या फलकाला हात जोडले आणि मग कपाटांच्या रांगेतनं हळूहळू पुढं गेली. हृदय, फुप्फुस, गुडघा. सगळं ओळखीचं. तिनं हजारो वेळा कागदावर बघितलेलं सगळं तिथं खरंखुरं होतं.

शेवटच्या टेबलावर चार नंबरचा गट उभा होता. मधोमध काचेची बरणी. बरणीत प्लीहा, आणि तिच्या खाचेशेजारी ती चिमुकली गोटी. बरणीवर चिठ्ठी होती, चिठ्ठीवर बाण होता, आणि नावाच्या जागी एक मरून टिकली.

‘ओळखा, अक्का,’ अजिंक्य म्हणाला.

अक्कानं चष्मा चढवला. लांबून बघितलं, जवळून बघितलं. ‘ॲक्सेसरी स्प्लीन,’ ती म्हणाली. ‘प्लीहेची धाकटी भैण म्हण.’

पोरांनी टाळ्या वाजवल्या. अजिंक्य मात्र वाजवत नव्हता. त्यानं हाताची घडी घातली, मान तिरकी केली आणि बरोबर तिच्याच आवाजात विचारलं, ‘कुटं लिहिलंय?’

हॉलमध्ये हशा पिकला. मॅडम अक्काच्या मदतीला पुढं व्हायला लागल्या, पण अक्कानं हात वर करून त्यांना थांबवलं. तिनं कमरेची पिशवी काढली आणि त्यातनं चार घड्या घातलेला एक कागद उलगडला. आदल्या आठवड्यात तिनं अपेक्षाकरवी लायब्ररीतलं ते जाडजूड पुस्तक मागवलं होतं, चार संध्याकाळी दुकानात बसून बारावीच्या इंग्रजीनं ओळ न् ओळ लावली होती, आणि ते पान काढून ठेवलं होतं. बावीस वर्षांत लाखो पानं तिच्या हाताखालून गेली. स्वतःसाठी काढलेलं हे पहिलं. तिनं पुस्तकाचं नाव वाचलं, पान सांगितलं, आणि त्या ओळीखाली बोट धरून ती ओळ चुकतमाकत, पण शेवटपर्यंत वाचून दाखवली.

अपेक्षाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मॅडम चष्मा पुसत होत्या.

अजिंक्यनं कागद हातात घेतला. त्याची नजर डाव्या कडेपासून चार बोटं आत गेली आणि तिथंच थांबली. ‘अक्का, आणि हा ठिपका?’

‘ह्यो खोटा,’ अक्का म्हणाली, आणि कागद त्याच्याकडनं परत घेऊन नीट घडी घालायला लागली. ‘ह्यो माझा हाय.’